काळीवरचे घर आणि खचणारा पाया



पावसाळा सरत आला की एक तक्रार हमखास आमच्या कानावर येते. घर बांधून पाच वर्षेही झाली नाहीत, तोच कोपऱ्याची भिंत चिरली. दार चौकटीत अडकते. फरशी मध्येच उचलल्यासारखी दिसते. गवंडी येऊन पाहतो आणि सांगतो, "पाया खचला." मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो भेगांत सिमेंट भरा, दुसरा म्हणतो पायाखाली नवा पाया घाला. शहरातून आलेला पाहुणा जमिनीत इंजेक्शन देण्याची गोष्ट सांगतो, आणि शेजारी म्हणतो की पाडून पुन्हा बांधलेले बरे. यांतला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या घराला लागू पडतो. आपल्या घराला कोणता लागू पडेल हे न पाहता सोयाबीनचे किंवा लसणाचे वर्षभराचे पैसे जमिनीत पुरले जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात भेग पुन्हा तोंड उघडते. म्हणून इंदूर आणि आसपासच्या माळव्यातील काळ्या जमिनीपुरता या उपायांचा ताळा आम्ही येथे मांडत आहोत.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग असत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. मराठी मुलखातील जुन्या वसुली कागदांतही हे शब्द याच अर्थाने येतात. पांढरीची माती काळीइतकी फुगत नाही, त्यामुळे तिच्यावरची घरे निदान जमिनीच्या हालचालीने तरी फारशी फुटत नसत. आज इंदूरभोवती नेमके उलटे झाले आहे. शेते मोडून प्लॉट पडले, वाटण्या झाल्या, आणि धाकट्या भावाने आपले घर सरळ काळीवर उभे केले. जुने घर मातीत रचलेले आणि कौलांचे होते. ते थोडे वाकले तरी निभावून नेई. नवे घर सिमेंटचे आहे. त्याला वाकता येत नाही, ते फुटते.

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला कोणी शिकवायला नको. वैशाखात रानातून चालताना पाय भेगेत जातो आणि मृगानंतर त्याच रानात गाडीचे चाक रुतते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी ओढून घेऊन फुगते आणि वाळले की आकसते. जी जमीन शेतात फुगते आणि फाटते, तीच घराखालीही आहे. फरक एवढाच की घराच्या मध्यावर वर फरशी असते, त्यामुळे तिथला ओलावा फारसा बदलत नाही. भिंतीकाठची माती मात्र उन्हाळ्यात वाळून खाली बसते आणि पावसाळ्यात भिजून वर येते. घराचा मध्य स्थिर आणि कडा वरखाली, अशी वर्षानुवर्षे ओढाताण चालते आणि भिंत कुठेतरी हार खाते.

जिथे काळीचा थर जाड आहे तिथे हा खेळ वरच्या सुमारे साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंत चालतो, असे रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने धरले आहे. आपल्याकडे गवंडी पाया खणतो तीन ते चार फूट. म्हणजे आपले घर त्या हलत्या थरावर नुसते टेकलेले असते. लूकच्या शुभवर्तमानातील शहाणा मनुष्य खोल खणत खडकापर्यंत गेला, तो तपशील गवंड्याने आणि घरमालकाने दोघांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. माळव्यात काळीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. काही ठिकाणी मुरूम चार फुटांवर लागेल, काही ठिकाणी पंधरा फुटांवरही लागणार नाही. कोणता उपाय परवडेल हे बहुतांशी या एका मापावर ठरते. घरापासून दहा-पंधरा फुटांवर एक खड्डा घेऊन ते माप आधी काढावे.

आपली माती किती फुगते हे घरीही अजमावता येते. पायाच्या खोलीवरची माती आणून वाळवावी, कुटून बारीक चाळणीने चाळावी. काचेच्या दोन सारख्या अरुंद बाटल्यांत दोन-दोन चमचे घालावी. एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतून ढवळावे आणि एक दिवस-रात्र ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलातील थर एक इंच आणि पाण्यातील दीड इंच आला तर माती पन्नास टक्के फुगली. पन्नासच्या पुढे गेली की सावध व्हावे, आणि दुपटीच्या पुढे गेली तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय फावडे उचलू नये. प्रयोगशाळेत हीच चाचणी मापाच्या नळकांड्यांत करतात. ज्यांना तशी हवी असेल त्यांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात विचारून पाहावे. इंदूरला श्री गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून आहे.

भेग काय सांगते

उपाय ठरवण्याआधी भेगेला वर्षभर बोलू द्यावे. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. भिंत हलली की काच तडकते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून दर महिन्याला पट्टीने अंतर मोजून वहीत लिहिले तर आणखी चांगले. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने घराच्या चारही कोपऱ्यांवर एका पातळीच्या खुणा करून घ्याव्यात. मेच्या अखेरीस, सप्टेंबरात आणि पुन्हा दिवाळीनंतर त्या ताडून पाहिल्या की कोणता कोपरा खाली गेला आणि कोणता वर आला ते कळते.

ज्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात, त्या घराचा पाया खचत नाही. माती आकसते आणि फुगते आहे एवढेच. असली घरे काळीवर सर्वांत जास्त. त्यांना पायाखाली नवा पाया घालण्याची घाई करू नये.

भेग ऋतूकडे न पाहता वाढतच चालली असेल तर मात्र खाली काहीतरी दबते आहे. तिथे पूर्वी काय होते ते गावातील म्हाताऱ्यांना विचारावे. बुजवलेली विहीर, बारव, विटांसाठी माती काढलेला खड्डा, जुना उकिरडा किंवा खतखड्डा यांपैकी काहीतरी निघते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन केंद्रात जे कंपोस्ट खत तयार केले आणि १९३१ च्या पुस्तकात मांडले, ते करणाऱ्याला ठाऊक आहे की भरलेला ढीग कुजता कुजता किती बसतो. तोच ढीग घराखाली असला तर घरही त्याच्याबरोबर बसते. विहिरीच्या बाबतीत तर कोणाच्याही भरवशावर राहू नये. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला इंदूरच्या पटेल नगरात मंदिरातील जुन्या बारवेवर घातलेले छत कोसळून ३६ जणांचे प्राण गेले. ते खचणे नव्हते, झाकणे होते. पण जमिनीखाली काय आहे याचा विसर पडला की काय होते ते त्यावरून दिसते.

तिसरा प्रकार एकाच कोपऱ्याचा. बाकी घर ठीक असते आणि न्हाणीच्या, मोरीच्या किंवा गोठ्याच्या बाजूला भिंत फुटते. तिथे दोषी बहुधा आपलेच सांडपाणी असते.

काही भेगांना मात्र वर्षभर थांबू नये. बोट आत जाईल एवढी भेग, आरपार उजेड दिसणारी भेग, ओळंब्यातून बाहेर गेलेली किंवा पोट काढलेली भिंत, तुळईच्या टोकाशी सुटलेली बैठक, रात्रीतून अडकलेले दार, यांपैकी काही दिसले तर त्या खोलीत मुलांना आणि म्हाताऱ्यांना झोपवू नये. भिंतीला आणि तुळईला टेकू द्यावेत आणि इंजिनिअरला बोलवावे. पावसाच्या झडीत मातीच्या भिंती रात्रीच पडतात आणि त्यांच्याखाली निजलेली माणसे सापडतात. घर वाचले नाही तरी चालेल.

पाण्याचा बंदोबस्त

आता उपायांकडे वळू. सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी मानाचा आणि आमच्या मते काळीवरच्या बहुसंख्य घरांना पुरणारा उपाय म्हणजे पाण्याचा बंदोबस्त. काळी माती कोरडी राहिली तरी हलत नाही आणि सारखी ओली राहिली तरी हलत नाही. हलते ती बदलाने. पायाभोवतीचा ओलावा बाराही महिने सारखा ठेवता आला तर अर्धे काम झाले.

पूर्वी विहिरीवरून घागरी वाहून आणाव्या लागत. तेव्हा पाणी आपोआपच जपून वापरले जाई. इंदूरला १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी आले, पुढे खेड्यांतही नळ आणि कूपनलिका आल्या. पाणी वाढले, पण ते वाहून नेण्याची सोय तितकी वाढली नाही. मोरीचे पाणी भिंतीलगत अळूला आणि केळीला सोडायची आपली जुनी रीत आहे. पांढरीवर ती चालून गेली, काळीवर चालत नाही. अळू, केळी आणि परसबाग भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर न्यावी आणि मोरीचे पाणी बंद नळीने तिथवर न्यावे. गोठ्याच्या मुताची नालीही तशीच. शोषखड्डा घरापासून वीस फुटांच्या आत नको, आणि विहीर किंवा हातपंप असेल तर त्याच्यापासून तो याहूनही पुष्कळ लांब हवा. काळीत पाणी मुळातच हळू जिरते, म्हणून खड्डा मुरमापर्यंत नेल्याशिवाय तो शोषत नाही, नुसता भरून राहतो.

येथे आरोग्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जमीन हलते तेव्हा भिंतीबरोबर जमिनीतल्या नळ्याही तुटतात. पिण्याच्या पाण्याची नळी आणि संडासाची नळी एकाच चरात टाकलेली असेल, तर दोन्ही तडकून घाण पाणी पिण्याच्या पाण्यात शिरते. ज्या घरात भेगा आहेत त्या घरात वरचेवर हगवण, कावीळ किंवा विषमज्वर होत असेल तर आधी नळ्या उकरून पाहाव्यात आणि तोवर पाणी उकळून प्यावे. दोन नळ्यांचे चर वेगळे ठेवावेत आणि पिण्याची नळी वरच्या पातळीवर ठेवावी. फुटक्या जोत्याच्या भेगांत विंचू आणि साप वस्ती करतात, हेही विसरू नये.

छपराचे पाणी पागोळ्यांनी भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नये. पन्हळ लावून नळाने दूर सोडावे. नंतर घराभोवती फरसबंदी करावी. ती कशी करावी हे थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी ती चुकीची केलेली दिसते. भिंतीपासून सहा फूट रुंदीपर्यंत वरची फूटभर काळी काढून टाकावी. तिथे मुरूम दोन थरांत पाणी मारून चांगला धुमसावा. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि कागदावर तीन इंच काँक्रीट घालावे. उतार बाहेरच्या बाजूला, सहा फुटांत अडीच इंच. भिंत आणि फरसबंदी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबराने भरावी. दोन्ही एकजीव केली तर जमीन हलताना एक दुसरीला ओढते. बाहेरच्या काठाला पाणी वाहून नेणारी पक्की नाली हवी.

ही फरसबंदी कधी करावी? शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येईल: वाफशावर. मेमध्ये माती फाटलेली असताना केली तर पुढे खाली ओलावा साठून ती वर उचलते. भर पावसात केली तर उन्हाळ्यात खालची माती आकसून ती पोकळ होते. कार्तिकात, सोयाबीन निघून गहू-हरभऱ्याची पेरणी होते त्या सुमारास, जमिनीत मध्यम ओल असते. तीच वेळ धरावी.

झाडांचेही पाहावे. वड, पिंपळ, उंबर, नीलगिरी ही झाडे भिंतीजवळची माती शोषून वाळवतात. काळीत झाडाच्या उंचीइतके अंतर घर आणि झाड यांच्यामध्ये असावे. पण मोठे झालेले झाड एकदम तोडूही नये. झाड गेले की त्याने वर्षानुवर्षे वाळवलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि घर वर उचलते. दोन-तीन वर्षांत फांद्या कमी करत जावे.

जुन्या मंडळींत चुन्यावर विश्वास आहे आणि तो अगदी खोटा नाही. चार ते सहा टक्के चुना काळ्या मातीत नीट मिसळला तर तिचे फुगणे बरेच कमी होते. फरसबंदीखाली मुरूम परवडत नसेल तर तीच माती चुना मिसळून धुमसावी. पण पायाजवळ भोके पाडून त्यांत चुन्याचे पाणी ओतल्याने सगळी माती सुधारते असे जे सांगतात ते आम्हाला पटत नाही. दाट काळीत चुना भोकापासून चार-दोन इंचांपलीकडे फारसा जात नाही. कळीचा चुना विरवताना डोळ्यांना जपावे. डोळ्यात गेला तर ताबडतोब भरपूर पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.

पायाखाली पाया

पाण्याचा बंदोबस्त करून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा गेला, तरी एखादा कोपरा खाली जातच राहिला, तर पायाखाली नवा पाया घालण्याचा विचार करावा. खर्चाचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब देतो. वीस फूट बाय तीस फूट घराचा बाहेरचा घेर शंभर फूट होतो. सहा फूट रुंद आणि तीन इंच जाड फरसबंदीला १:२:४ मिश्रणाचे सुमारे पस्तीस पोती सिमेंट लागेल. त्याच घराच्या बाहेरच्या भिंतींखाली अडीच फूट रुंद आणि सहा फूट खोल नवा पाया घालायचा तर पावणेतीनशे पोत्यांच्या आसपास. आतल्या भिंती, खोदाई आणि टेकू वेगळे. सात-आठ पटींचा फरक आहे.

पद्धत जुनी आणि खात्रीची आहे, पण मुरूम आवाक्यात असेल तरच. भिंतीखाली सलग चर कधीही खणू नये. नवशिक्या ठेकेदाराने तसे सुचवले तर त्याला नमस्कार करावा. भिंतीचे चार-चार फुटांचे तुकडे पाडून त्यांना आकडे द्यावेत. आधी एक, मग त्यापासून दूरचा चौथा किंवा पाचवा, असे एकमेकांपासून लांबचे खड्डे घ्यावेत. एका वेळी भिंतीच्या पाव भागापेक्षा जास्त लांबी मोकळी नको. खड्डा मुरमात अर्धा-एक फूट शिरेपर्यंत न्यावा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काँक्रीटने भरावा. उघडा टाकून लग्नाला जाऊ नये. काँक्रीट जुन्या पायाला भिडवायचे नाही. वर दोन-तीन इंच फट ठेवायची. काँक्रीट घट्ट होऊन आकसले की एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू जेमतेम ओलसर करून ती फट लाकडाने ठोकून ठोकून भरायची. घराचा भार नव्या पायावर खरोखर उतरतो तो या ठोकण्याने. हीच पायरी सगळ्यांत जास्त चुकवली जाते, कारण ती खाली वाकून करावी लागते आणि वरून दिसत नाही. एक खड्डा भरल्यावर आठवडाभर थांबूनच त्याच्या शेजारचा घ्यावा. चार-पाच फुटांच्या खाली गेलेल्या खड्ड्याच्या बाजूंना फळ्यांचा आधार असल्याशिवाय मजुराला आत उतरवू नये. काळी कोरडी असताना दगडासारखी उभी दिसते आणि न सांगता कोसळते. पावसाळ्यात हे काम घेऊच नये. शेवटी बाजूची पोकळी काढलेल्या काळ्या मातीने न भरता मुरमाने किंवा वाळूने भरावी, नाहीतर तीच माती फुगून नव्या पायाला कवटाळून वर ओढते.

आता एक महत्त्वाचा इशारा. एकाच कोपऱ्याखाली पाया घालावा की सगळ्या घराखाली? कोपरा जुन्या विहिरीवर किंवा खतखड्ड्यावर आला असेल आणि बाकी घर मुरमावर असेल, तर कोपऱ्यापुरता पाया घालणे योग्य. पण सगळे घर काळीवर असेल आणि त्यातला एक कोपरा मुरमात रोवला, तर तो कोपरा स्थिर होतो आणि उरलेले घर पूर्वीप्रमाणेच वरखाली होत राहते. मग दोघांच्या सांध्यावर नवी भेग पडते आणि ती पहिलीपेक्षा वाईट असते. "पैसे होते तेवढ्यात एक बाजू करून घेतली" हे शेतीत चालते, येथे चालत नाही. पैसे एका बाजूपुरतेच असतील तर ते पाण्याच्या बंदोबस्तावर खर्च करावेत.

मुरूम खूप खोल असेल तर खड्ड्यांची पद्धत परवडत नाही. तिथे रुडकीच्या संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेले खांब उपयोगी पडतात. जमिनीत हाताच्या गिरमिटाने साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, तळाशी ते दांड्याच्या अडीच पट रुंद करायचे आणि सळ्या घालून काँक्रीट भरायचे. आकार थेट कांद्यासारखा: वर पात, खाली गड्डा. गड्डा न हलणाऱ्या थरात अडकतो, त्यामुळे घर खाली जात नाही आणि वर उचललेही जात नाही. नव्या घरासाठी ही पद्धत इतकी चांगली आहे की ज्यांना काळीवर घर बांधायचे आहे त्यांनी दुसरा विचारच करू नये. अशा घरात खांबांवरची तुळई आणि खालची माती यांच्यात सुमारे आठ सेंटिमीटर पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला लागत नाही. जुन्या घरासाठी मात्र भिंतीच्या आत आणि बाहेर खांबांच्या जोड्या घालून भिंतीला भोके पाडून आडव्या तुळया ओवाव्या लागतात. त्याला इंजिनिअरचा नकाशा हवाच. खर्च ऐकून जे गप्प होतात त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही.

इंजेक्शनाविषयी थोडक्यात. सिमेंटचे पातळ पाणी दाबाने आत सोडणे हे दगड-डबराच्या पोकळ पायाला किंवा सैल भरावाला चांगले. दाट काळीत ते शिरत नाही, भेगेभेगेने भलतीकडे जाते. शहरांत रसायनाचा फेस सोडून फरशी उचलणारे ठेकेदार आहेत. फरशी ते उचलतात, पण खालची काळी पुढच्या उन्हाळ्यात आकसणार नाही याची हमी फेसात नसते. मातीची तपासणी न करता दर सांगणाऱ्याला कामच देऊ नये.

जोत्याला बाहेरून आणि आतून सळ्यांच्या काँक्रीटचा पट्टा घालून घर पेटीसारखे बांधून टाकणे हा उपाय पट्टा नसलेल्या विटांच्या घराला उपयोगी आहे. त्याने खचणे थांबत नाही, पण घर एकत्र राहते आणि भिंत अचानक पडण्याचा धोका कमी होतो. पाण्याच्या बंदोबस्ताबरोबर केला तर मध्यम ऐपतीच्या कुटुंबाला हा पट्टा आम्ही सुचवू.

पाडून पुन्हा बांधणे हा पराभव मानू नये. मातीत रचलेली, ओळंबा सोडलेली एकच खोली असेल तर ती उतरवून तिच्या विटा आणि लाकूड वापरून नीट पायावर बांधणे पायाखाली पाया घालण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. त्या वेळी फरशीखालची दोन-तीन फूट काळी काढून मुरूम भरावा. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर फुगणाऱ्या मातीवर घातला तर खालची माती उचल खात नाही हे दाखवले. आपला चांगला मुरूम बहुतेक वेळा त्या कामाचा असतो. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी धुमसावा.

राहता राहिले भेग भरणे. बहुतेक जण ज्याने सुरुवात करतात ते काम शेवटचे आहे. उन्हाळ्यात भेग रुंद असताना तिच्यात कडक सिमेंट ठासले की पावसाळ्यात भिंत मिटू पाहते, मधले सिमेंट तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. वर्षभराच्या नोंदीत हालचाल थांबलेली दिसली की वाफशाच्याच दिवसांत भेगेचा गिलावा काढावा. भेग आतून अरुंद आणि बाहेरून रुंद अशी कापावी, पाण्याने धुवावी आणि एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू अशा मऊ मसाल्याने भरावी. रुंद भेगेला दर दोन फुटांवर भिंतीची वीट काढून सळ्या घातलेले काँक्रीटचे टाके द्यावेत. काचेची पट्टी मात्र नवी लावून आणखी एक पावसाळा तिथेच राहू द्यावी.